शेंगांचे गणित

१ नोव्हेंबर १९३८, मंगळवार. धरणगाव.

पत्र आले. धुळ्याला डिसेंबरअखेर राष्ट्रीय शिक्षण परिषद भरते आहे, त्यातल्या प्रदर्शनात माझ्या 'मूर्त गणिता'ला एक जागा मंजूर झाली आहे. बारा हात लांब, आठ हात रुंद. देशभरातले शिक्षक येणार आणि त्यांच्यासमोर धरणगावच्या रुपचंद मोतीलाल पाटलाच्या खडे, जुड्या आणि मापांच्या सात पेट्या मांडल्या जाणार. पत्र दोनदा वाचले, मग यशोदेला वाचून दाखवले. ती म्हणाली, थंडीचे दिवस, पांघरूण जास्त घ्या.

पत्राच्या मागोमाग लोकल बोर्डाचाही कागद आला, तो एवढा गोड नव्हता. माझ्या शाळेत पाढे पाठ न करता पेट्यांवरून गणित शिकवण्याची परवानगी एका वर्षाचीच होती. परिषदेच्या गणित समितीने चांगला अभिप्राय दिला तर ती पुढे चालू राहील. नाही तर मार्चपासून जुने पुस्तक, जुने पाढे आणि जुनी छडी. चार वर्षांचे काम त्या एका अभिप्रायावर टांगलेले आहे. समितीला काय वाटेल याचा विचार करत आज दोन घास कमीच खाल्ले.

९ नोव्हेंबर, बुधवार.

खरे लिहायची जागा ही एकच आहे, म्हणून लिहितो. श्रावणात माझी फजिती झाली होती. शाळा कमिटीचे तोताराम नाना भर बाजारात माझ्या तिसरीतल्या पोराला अडवून म्हणाले, "पाचा औटके किती रे?" म्हणजे साडेतीन पाच वेळा. पोरगे म्हणाले, नाना, पेटी शाळेत राहिली. सगळा बाजार हसला. आठवडाभरात पाच पोरे शाळेतून काढली गेली आणि आणखी दहा जायच्या बेतात होती.

तेव्हा मी चावडीवर दीड तास बोललो. पाढे म्हणजे पोपटपंची, पोराला सतरा म्हणजे काय ते हाताला कळले पाहिजे, विलायतेच्या पद्धती कशाला शोधायच्या, आपल्या शेतातच गणित पडले आहे; काखेत कळसा आणि गावाला वळसा. भाषण फार परिणामकारक झाले असावे. महिन्याभरात पाचही पोरे परत आली आणि नानांनी बाजारात कोणाला अडवणे सोडून दिले.

तेव्हापासून पोरांना आमच्या घराचाही लळा लागला आहे. शाळा सुटली की आठ-दहा जण आमच्या मागच्या ओट्यावर यशोदेजवळ जमतात. ती सांगते, शेंगा फोडू लागतात. बरे आहे, तिचेही काम होते. तिला मूलबाळ नाही, तेवढीच करमणूक.

२० नोव्हेंबर, रविवार.

पहिल्या पेटीत सुटे एकक म्हणून काय ठेवायचे यावर आज घरात वाद झाला. आजवर खडे होते, पण देशभरच्या विद्वानांपुढे खडे मांडायचे म्हणजे शोभा नाही. मी भुईमुगाच्या शेंगा नक्की केल्या. शेंग एक, फोडली की दोन दाणे, म्हणजे दोन अर्धे. अर्धा शिकवायला देवाने याहून चांगले साधन केलेले नाही. ही कल्पना मला परवा यशोदा ओट्यावर शेंग फोडून पोरांना अर्धी-अर्धी वाटत होती ते पाहताना एकदम सुचली.

यशोदेने पाय आपटला नाही एवढेच. "शेंगा नका ठेवू. चिंचोका ठेवा. लोके खाई टाकतीन."

मी म्हणालो, परिषदेला येणारे लोक शिक्षणतज्ज्ञ असतात, बाजारातले नव्हेत. ती शेंगा मोजून पिशव्यांत भरू लागली. तिची मोजण्याची तऱ्हा ऐकून मला नेहमी हसू येते. तिचे वडील पारोळ्याला धान्याच्या काट्यावर तोलाईला होते. खळ्यावर माप घालताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण या माणसाच्या घरात पोळ्यासुद्धा तशाच मोजत. लाभ, दोन, तीन, चार. मी म्हटले, अगं, हा गणिताचा अभ्यासक्रम आहे, खळे नव्हे. ती म्हणाली, बरं, आणि पुढच्या पिशवीला पुन्हा लाभ म्हणाली. हट्टी बाई आहे.

५ डिसेंबर, सोमवार.

आज तिसरीची परीक्षा पेट्या बंद ठेवून घेतली. श्रावणानंतर माझे धाडसच होत नव्हते. बावीसपैकी एकोणीस पोरांनी फटाफट उत्तरे दिली. पाऊण, सवा, दीड, काही विचारा. मी थक्क झालो. पेटी इतकी डोळ्यांत बसली आहे की बंद असली तरी पोरांना मनात दिसत असावी. उत्तर देताना त्यांचे ओठ हलतात, ते बहुधा मनातल्या शेंगा मोजत असल्यामुळे. समितीसाठी लिहितो आहे त्या निवेदनात हे निरीक्षण घातले.

आनंद झाला, पण सायंकाळी एक शंका शिरली ती जात नाही. आषाढात यांना काही येत नव्हते. पेट्या त्याच, मी तोच. मग मध्येच हे आले कशाने? समितीने विचारले तर मला सांगता येणार नाही. आपलीच विहीर, आणि पाणी कुठून येते ते आपल्याला माहीत नाही, अशी गत आहे. कधी कधी वाटते, माझ्या पद्धतीत काही दम नाही आणि हे एके दिवशी आले तसे निघूनही जाईल. हे मी यशोदेलाही बोललेलो नाही.

१७ डिसेंबर, शनिवार.

प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थी म्हणून शेवंता नक्की केली. चौथीत आहे, दहा वर्षांची, चुणचुणीत. तिचे वडील सुकदेव आधी नाहीच म्हणाले. पोरीला परगावी पाठवायची रीत नाही. मग शेवंताच म्हणाली, अक्का आली तर मी जाईन. अक्का म्हणजे यशोदा. सुकदेव लगेच राजी झाले. म्हणाले, अक्का असल्यावर काय काळजी. मला जरा लागले. पोरीला चार वर्षे शिकवतो मी आणि भरवसा अक्कावर. पण यशोदेने येणे बरेच. निदान जेवणाचे हाल होणार नाहीत.

यशोदेला सांगितले. येते म्हणाली, पण चेहरा उतरला. गर्दीची भीती वाटत असेल.

२७ डिसेंबर, मंगळवार. धुळे.

पोचलो. एरंडोलपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. सात पेट्या मोटारीच्या टपावर. प्रत्येक थांब्याला उतरून मी मोजत होतो, एक, दोन, तीन, आणि ड्रायव्हर हसत होता. पारोळ्याला मोटार अर्धा तास थांबली. यशोदा शेवंताला किल्ल्याच्या बाजूला बोट करून वडिलांचा काटा कुठे असायचा ते दाखवत होती. दोघी एका सुरात काहीतरी पुटपुटत होत्या. मी जवळ गेलो तर थांबल्या. बायकांची गाणी असतील.

पांझरेकाठी मोठा मंडप घातला आहे. आमच्या शेजारी सुरतेच्या एका शिक्षकाचे मणीयंत्र आहे, पितळी सळ्यांचे, झगझगीत. त्यापुढे माझ्या पेट्या शेतावरून आल्यासारख्या दिसतात. आल्याच आहेत म्हणा.

२८ डिसेंबर, बुधवार.

पहिला दिवस. गर्दी अपार. सुरतेच्या यंत्रापुढे लोक उभे राहून पाहतात आणि जातात. माझ्यापुढे थांबतात, प्रश्न विचारतात, माना डोलावतात. बंगालकडचे एक गृहस्थ तर पाव तास उभे होते. मी शंभरापर्यंत समजावून सांगितले. ऊर भरून आला.

संध्याकाळी पहिली पेटी आवरायला घेतली. सहाशे शेंगा होत्या. दोनशे दहा उरल्या. टेबलाखाली टरफलांचा ढीग होता. यशोदेने काही न बोलता टरफले झाडून घेतली. तिचे ते न बोलणे मला चांगले ओळखू येते.

२९ डिसेंबर, गुरुवार.

"शेंगा खाऊ नयेत" अशी पाटी लावली. त्याने काही लोकांना शेंगा आहेत हे दुरून कळले. दुपारपर्यंत पेटीचा तळ दिसला. शेवंताने सोळा शेंगा ओच्यात लपवून ठेवल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. उद्या सकाळी समिती येणार. बाजारात शेंगा आणायला निघालो तर गाठ पडली तोताराम नानांची! हे मुद्दाम माझे प्रात्यक्षिक पाहायला धुळ्याला आले आहेत. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. त्यांनी मला इतका वेळ बोलण्यात अडकवले की दुकाने मिटली. सोळा शेंगांवर समितीला गणित दाखवायचे आहे.

३० डिसेंबर, शुक्रवार.

सगळे जसेच्या तसे लिहून ठेवतो.

समिती दहाला आली. पाच जण. सभापती नागपूरचे, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. नाना मागे खांबाला टेकून उभे. यशोदा कोपऱ्यात, पदर कपाळापर्यंत. मी दशकाच्या जुड्या दाखवल्या, मापे दाखवली. सभापती ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांचा हात पहिल्या पेटीत गेला. मी पाहत होतो. बोलायची हिंमत होईना. समितीचे सभापती माझे एकक एकेक करून फोडून खात होते. बाकीच्या चौघांनीही हात घातला.

मग त्यांनी शेवंताला विचारले, "सतरा मुलींना प्रत्येकी साडेतीन हात खादी द्यायची, तर किती हात लागेल?"

शेवंताने पेटीत पाहिले. पेटी रिकामी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. कोपऱ्यात पाहिले. डोळे मिटले, ओठ हलले आणि मग, घाबरल्यामुळे असेल, ते ओठांतले बाहेरच आले, मोठ्याने, सुरात:

"लाभ औटके साडेतीन, बे औटके सात, तीन औटके साडेदहा..."

लाभ. अख्ख्या खान्देशात पाढ्याची सुरुवात लाभने करणारे घर एकच होते, आणि त्या घरातली एकच बाई आता उरली आहे. श्रावणात परत आलेली पोरे, मागचा ओटा, शेंगा फोडण्याचे निमित्त, हलणारे ओठ, पारोळ्याचे पुटपुटणे, सगळे एका क्षणात जागच्या जागी बसले. पोरगी थेट सतराशेपर्यंत जाईल अशा वेगात होती. "सतरा औटके साडेएकोणसाठ," म्हणाली आणि थांबली.

उत्तर बरोबर होते. सभापती खूष झाले. आपल्या कागदावर काही लिहू लागले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "पण पाटीलगुरुजी, तुमच्या पद्धतीत पाढे नाहीत असे निवेदनात आहे. मग हे काय?"

माझ्याजवळ उत्तर तयार होते. पाच तारखेलाच लिहून ठेवले होते: पेटी मनात दिसते. ते वाक्य म्हटले असते तर चालून गेले असते, एवढे मला आजही वाटते. मी कोपऱ्यात पाहिले. यशोदा जमिनीकडे पाहत होती. चोरी पकडल्यासारखी उभी होती ती, आणि चोरी तर माझ्या नावावर जमा होत होती. राग आला. तिचा, माझा, नानांचा, शेंगांचा. आणि त्या रागातच तोंडातून निघाले ते खरे निघाले.

मी म्हणालो, "साहेब, हे पाढेच आहेत. माझ्या शाळेत शिकवलेले नाहीत. माझ्या घरी, मागच्या ओट्यावर शिकवलेत. माझ्या मंडळींनी. मला आत्ता कळले."

मागे नाना खोकले. मनात म्हटले, संपले, मार्चपासून छडी.

सभापतींनी कागद खाली ठेवला. त्यांच्या हातात एक शेंग राहिली होती. शेवंताला त्यांनी विचारले, "बाळ, साडेएकोणसाठच का? साठ का नाही?"

शेवंताने त्यांच्या हातातली शेंग सरळ काढून घेतली. म्हणाली, सतरा त्रिक एकावन्न, ते झाले. राहिले सतरा अर्धे. मग शेंग फोडली आणि दोन दाणे तळहातावर ठेवले. "हाई एक. हाया दोन अर्धा." सोळा अर्ध्यांचे आठ, एक अर्धा उरला. एकावन्न आणि आठ एकोणसाठ, आणि हा अर्धा. उरलेला दाणा तिने सभापतींच्या तळहातावर ठेवला. हे कोणत्याही पाढ्यात नाही. हे माझ्या पहिल्या पेटीतले, निवेदनाचे पान अकरा.

सभापती म्हणाले, "हे कोणी शिकवले, गुरुजींनी की अक्कांनी?"

"किती ते अक्का सांगतस," शेवंता म्हणाली, "काबरं ते गुरुजी सांगतस."

सभापतींनी तो दाणा तोंडात टाकला आणि कागद पुन्हा उचलला. त्यांनी पाच ओळी लिहिल्या, त्यातली शेवटची मला वाचू दिली: पद्धत चालू ठेवावी, मात्र ओट्यासह. मग विचारले, पद्धतीचे कर्ते कोण लिहू? छापील कागदावर एकाच नावाची जागा होती. त्यांनी लेखणी माझ्या हातात दिली. अक्षर बारीक करून मी त्यात दोन्ही नावे बसवली.

मंडपाबाहेर येऊन पांझरेच्या काठी बसलो. एखाद्याने डोक्यावरची भारी मोळी उतरवून ठेवावी तशी मान हलकी वाटत होती. पाच तारखेपासून मी ज्या भीतीने झोपत नव्हतो ती भीती संपली होती. पोरांना गणित येत होते ते निघून जाणार नव्हते. पाणी कुठून येते ते कळले होते.

३१ डिसेंबर, शनिवार.

यशोदेशी बोललो. आधी रागावून बोलायचे ठरवले होते. म्हटले, चार महिने माझ्या पाठीमागे माझ्याच शाळेत दुसरी शाळा चालवलीस. सांगितले का नाहीस?

तिने सांगितले ते असे. श्रावणात पोरे काढली तेव्हा त्यांच्या आया तिच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, अक्का, तुला बापाचे पाढे येतात, तू शिकव, मग आम्ही पोरे शाळेत पाठवू. म्हणजे पोरे परत आली ती माझ्या दीड तासाच्या भाषणाने नव्हे. हे ऐकून क्षणभर फार वाईट वाटले. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा तसे भाषण करणार नाही.

"पोरेच नही राहतीन तं तुमन्या पेट्या कोन उघाडी?" ती म्हणाली. आणि मग सांगितले की धुळ्याला यायची तिला भीती वाटत होती ती गर्दीची नव्हे, तर पोरीच्या तोंडून काही निघून माझी मान खाली जाईल याची. रस्ताभर ती शेवंताला तेच बजावत होती, पाढा मनात म्हण, ओठ हलवू नकोस. घाबरल्यावर पोरगी ते विसरली. देव करतो ते बऱ्यासाठी.

रागावण्यासारखे काही सापडेना. परत येताना पारोळ्याला मोटार थांबली तेव्हा मी तिला विचारले, काटा नेमका कुठे होता? तिने दाखवले. तिथे आता पानाचे दुकान आहे. उगाच तिथे उभे राहून पान खाल्ले. पेट्या मागाहून गाडीने येणार आहेत.

१६ जानेवारी १९३९, सोमवार. धरणगाव.

बोर्डाचे पत्र आले. परवानगी तीन वर्षांसाठी वाढली. पत्र घेऊन स्वतः तोताराम नाना आले. अभिप्राय चांगला गेला त्यात त्यांचाही शब्द होता असे ते सांगतात. असेलही. नानांनी त्या दिवशी मंडपात शेवंताचा पाढा ऐकला, आणि गावी परतल्यावर स्वतःच्या नातीला ओट्यावर आणून बसवले, हे मात्र खरे आहे. परवा संक्रांत झाली, म्हणून त्यांना तिळगूळ दिला. श्रावणातले विसरून घेतला त्यांनी, मीही दिला.

ओटा आता चोरून भरत नाही. आज संध्याकाळी तीस पोरे तिथे बसून औटकी म्हणत होती, मध्ये यशोदा. पहिल्या पेटीत यापुढे चिंचोके राहतील. शेंगा फक्त अर्धा शिकवायच्या दिवशी, आणि मोजून.

तेवढ्यात धुळ्याहून पेट्यांची गाडी आली. मी आणि गाडीवान एकेक उतरवून घेऊ लागलो. एखादी वाटेत राहिली नाही ना म्हणून मी मोठ्याने मोजत होतो. सातही आल्या. शेवटची ठेवून वर पाहिले तर ओट्यावरची औटकी थांबली होती, पोरे माझ्याकडे बघत होती, आणि यशोदेने पदर तोंडाला लावला होता. काय झाले म्हणून मी शेवंताला विचारले.

ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पहिल्या पेटीला लाभ म्हणालात."